गादीवर बसण्याचा दर

नागपूरच्या इतवारीतले दुकानदार सकाळी अकराच्या आत फोन करत नाहीत आणि रात्री अकरानंतर करायला लाजत नाहीत. पापड, मसाले, शेवया, अगरबत्ती, मुखवास अशा मालाची पाकिटं मी डिझाइन करते, त्यामुळे माझा दिवस घड्याळापेक्षा त्यांच्या शटरवर चालतो. शटर वर गेलं की "ताई, ते हिरवं जरा गडद करता येईन का" सुरू होतं. शटर खाली आलं, गल्ला मोजून झाला, जेवण झालं, की शेठना पलंगावर पडल्या पडल्या पाकिटाची मागची बाजू आठवते.

पाकिटाचं काम बाहेरून दिसतं तेवढं रंगीबेरंगी नाही. रोटोग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर, म्हणजे छपाईचा धातूचा रूळ, वेगळा कोरतात. सहा रंग असले तर सहा सिलिंडर. कोरून झाल्यावर वजनाचा आकडा चुकलेला सापडला, तर तो सिलिंडर बाद आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर पुढचे पंधरा दिवस भांडण. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी आणि बॅच नंबर छापायला सोडलेली कोरी पट्टी, हे सगळं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. शिवाय पलीकडे प्रिंटर थांबलेला असतो. "ताई, मशीन लागून राहिली, फाइल टाका" असं तो म्हणाला की हातातला घास खाली ठेवावा लागतो.

आणि माझं दुसरं काम, म्हणजे स्वतःच्या धंद्याची जाहिरात? जुन्या पाकिटांचे नीट फोटो काढणं, वेबसाइटवर चढवणं, दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला सहज फोन करणं, हिंगणा नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या नव्या मसालेवाल्याला नमुने घेऊन भेटणं. त्या कामासाठी कुठेही मशीन लागलेली नसते. "ताई, तुमचं स्वतःचं कुठवर आलं?" असा फोन मला आजवर कोणाचाही आलेला नाही, येणारही नाही. दोन कामं समोर असताना एकाच्या पाठीशी विचारणारा माणूस आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नाही, तर कोणतं काम आधी होईल हे सांगायला ज्योतिषी नको. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लोकांना शिस्त नसते, असं जे म्हटलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. हेच लोक रात्री दोनला दुसऱ्याची फाइल पाठवत असतात. त्याला शिस्त नाही तर काय म्हणायचं?

वेळेच्या नियोजनाचे उपाय मी वाचले आहेत, काही वापरतेही. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून अभ्यास केला, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर जुळवायला हा उपाय उत्तम आहे. पण त्या पंचवीस मिनिटांत कोणतं काम ठेवायचं, हे टोमॅटो सांगत नाही. माझी अडचण तिथेच सुरू होते. शेठच्या दोन फोनांच्या मधल्या फटीत स्वतःचं काम उरकू म्हटलं तर तेही जमत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं, तर लक्षाचा एक भाग मागच्या कामातच अडकून राहतो. मी अर्धा तास स्वतःच्या वेबसाइटचा मजकूर लिहायला बसते आणि डोक्यात हिरव्या रंगाची गडद छटा फिरत असते. मग त्या मजकुराला मिरची पावडरचा वास येतो.

यापेक्षा जास्त कामाचं मला दुसरं संशोधन वाटतं. डॅनियल कानमन आणि एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस बहुधा कमीच बांधतो, त्याच प्रकारचं काम आधी लांबलेलं असलं तरी. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? साधारण ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याचा विचार करून सांगितलेला आकडासुद्धा तोकडा पडला.

आता यावरून माझ्या धंद्यातल्या एका लाडक्या वाक्याकडे बघा. "क्लायंटचं काम आटोपलं की उरलेल्या वेळात आपलं प्रमोशन करू." हा उरलेला वेळ म्हणजे एका अंदाजातून केलेली वजाबाकी आहे, आणि तो अंदाज एकाच बाजूला चुकतो. आठवड्यातून दहा तास उरतील असं वाटतं तेव्हा हाती शून्य येतं, किंवा उणे काहीतरी येतं आणि ते रविवारच्या खात्यातून वळतं करावं लागतं. उरलेल्या वेळावर कोणतंही काम टाकणं म्हणजे ते न करायचं सभ्य भाषेत ठरवणं आहे.

मग वेळ काढायचा कुठून? याचं मला पटलेलं उत्तर वेळेच्या तज्ज्ञाकडून आलं नाही, एका पापडवाल्या भाऊंकडून आलं. त्यांचं दुकान इतवारीत, कारखाना दुसरीकडे, आणि बोलणं अस्सल नागपुरी. त्यांच्या उडीद पापडाच्या पाकिटाचा प्रूफ घेऊन गेले होते. एक बाई आल्या, अर्धा तास बसून सगळे प्रकार बघितले, तळून कसे लागतात ते विचारलं, दोन खाऊन पाहिले आणि पावशेर मुगाचे घेऊन गेल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, अर्धा तास गेला तुमचा."

"जाईन कसा?" भाऊ म्हणाले. "त्या पावशेराच्या भावात हा अर्धा घंटा आधीच लावून ठेवला आहे ना ताई. मी दिवसभर गादीवर बसतो, बोर्डाची लाइट जाळतो, येणाऱ्या-जाणाऱ्याले या-बसा करतो, तं काय फुकट करून राहिलो? ज्यानं घेतलं त्याच्या भावात, ज्यानं नाही घेतलं त्याचाही टाइम राह्यते. तुमी नाही लावत का?"

व्यापारी घरात हे बाळकडूत मिळतं. आमच्या नोकरदार घरात पगार पहिल्या तारखेला येतो आणि काम म्हणजे टेबलावर बसून केलेलं काम, एवढंच शिकवलं जातं. म्हणून डिझाइनर, अनुवादक, फोटोग्राफर, वेब डेव्हलपर असे सगळे आपला दर काढताना टेबलावरचे तास तेवढे धरतात.

हिशेब मांडून बघू. समजा घर आणि धंदा मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०० तास. साठ हजार भागिले दोनशे, तासाला ३०० रुपये. कागदावर झकास. पण या दोनशेतले क्लायंटच्या फाइलवर प्रत्यक्ष किती जातात? समजा १२०. बाकीच्या ऐंशी तासांत कोटेशनं लिहिणं, प्रिंटरकडे जाणं, फोन, बिलं, वसुली, सीएकडे कागद पोचवणं आणि आपल्या कामाची जाहिरात. मग दर निघतो ५०० रुपये. जो तीनशेनं काम घेतो तो ते ऐंशी तास कोणाकडून घेतो? स्वतःच्या झोपेकडून, मुलांकडून, आणि पहिल्यांदा कात्री लागते ती जाहिरातीला, कारण तिच्या नावानं कोणी ओरडत नाही. प्रमोशनला वेळच मिळत नाही, ही तक्रार मी आता वेळेची मानत नाही. ती दराची आहे. पाचशेनं काम करणाऱ्याकडे प्रमोशनचा वेळ आधीच विकत घेतलेला असतो, तो तिथेच वापरायचा एवढंच उरतं.

अर्थात पाचशे सांगितल्यावर काही लोक जातात. तो भाग पुढे येईलच.

त्याआधी प्रमोशन म्हणून आपण जे काही करतो त्याच्याकडे जरा तिरप्या नजरेनं बघायला हवं. इन्स्टाग्रामवर पाकिटाचा सुरेख फोटो टाकला की पुण्या-मुंबईच्या डिझाइनरांच्या टाळ्या मिळतात. छान वाटतं. पण त्यांच्यातलं कोणीही मिरची पावडर विकत नाही. नागपुरात माझ्यासारखीला काम कुठून येतं? प्रिंटरकडून, कारण दुकानदार आधी त्याच्याकडे जातो. जुन्या गिऱ्हाइकाच्या साडूकडून. सीएकडून, कारण नवा कारखाना टाकणारा माणूस सगळ्यात आधी त्याच्या ऑफिसात बसलेला असतो. मग माझी जाहिरात म्हणजे प्रिंटरच्या टेबलावर माझ्या नमुन्यांचा गठ्ठा असणं आणि सीएच्या फोनमध्ये माझं नाव "पाकीटवाल्या ताई" असं सेव्ह असणं. परदेशी क्लायंटसाठी ॲप बनवणाऱ्या माणसाचं गणित वेगळं असेल, त्याला लिंक्डइनवर लिहावंच लागेल. पण आपलं गिऱ्हाईक कुठे बसतं हे न बघता सगळीकडे दिसत राहण्याचा जो आटापिटा चालतो, त्यातला निम्मा तरी मनोरंजन असतो. मनोरंजनाला माझी ना नाही. ते प्रमोशनच्या तासांत लिहू नये, एवढंच.

दुसरी गोष्ट काळाच्या अंतराची. आज केलेल्या ओळखीचं काम उद्या येत नाही. माझ्या माहेरी काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिथे हे अंतर कोणाला समजवावं लागत नाही. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ उतरतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो, त्याचं फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. फूल यावं म्हणून त्याआधी झाडाला ताणावर सोडतात, पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतातही. बघणाऱ्याला वाटतं बाग चालली. पण तेव्हा पाणी सोडायचा मोह झाला तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलत नाही. शहाणा शेतकरी दोन्ही बहार धरायच्या फंदातही पडत नाही, कोणता धरायचा ते ठरवतो आणि त्या हिशेबानं वर्ष लावतो.

आमच्या धंद्यात उलटं चालतं. दिवाळीचं काम हातात असतं तेव्हा सगळं हिरवंगार, बाहेर बघायची गरज वाटत नाही. डिसेंबरात फोन बंद होतात, तेव्हा घाबरून सगळ्यांना मेसेज जातात आणि घाबरलेल्या माणसाचा मेसेज वाचणाऱ्याला लगेच कळतो. तोही भाव पाडूनच बोलतो. डिसेंबरच्या रिकामपणाचं कारण डिसेंबरात नसतं, ते जुलै-ऑगस्टमध्ये असतं.

म्हणून आठवड्याचं वेळापत्रक मी फारसं मानत नाही, वर्षाचं मानते. माझ्या कामाला पंचांग लागतं. फराळ, मसाले, सुकामेवा यांची दिवाळीची पाकिटं श्रावण-भाद्रपदात ठरतात. २०२३ साली अधिक श्रावण आला, दिवाळी १२ नोव्हेंबरपर्यंत लांबली आणि पूर्ण हंगाम पुढे सरकला. ज्यांनी इंग्रजी कॅलेंडर धरून माणसं आणि वेळ मोकळा ठेवला होता त्यांची तारांबळ उडाली. पितृपक्षात जुनी मंडळी नवीन काही ठरवत नाहीत. "आता पंधरा दिवस नको ताई, घटस्थापनेले पाहू." छपाई चालू असते, पण नव्या कामाचा होकार येत नाही. हा पंधरवडा मी पूर्वजांइतकाच स्वतःच्या धंद्याला वाहिलेला आहे. ताज्या पाकिटांचे फोटो, नमुन्यांचे गठ्ठे, जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, सगळं तेव्हा. फोन करताना काम मागायचं नसतं. "मागच्या पाकिटाची सीलिंग सुटत होती, ते थांबलं का?" एवढं विचारायचं. पुढचं ते स्वतःच बोलतात. इथे कोणी अशुभाचा विषय काढला तर मी पितरांवर सोपवते. त्यांनीही धंदा केलाच असेल की कधीतरी.

मे महिना दुसरा. पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बारा ते चार इतवारीत माणूस दिसत नाही आणि फोनही येत नाहीत. कूलरच्या खसेत पाणी सोडून बसायचं आणि क्लायंटचं काम पहाटे उरकून घ्यायचं. दुपारच्या त्या सामसूम तासांत मी लिहिते, एखादं पाकीट कसं झालं, कोणता रंग का नाकारला, कोणत्या मजकुरामुळे सिलिंडर वाचला. डिसेंबरात अधिवेशन असतं तेव्हा मोर्चांमुळे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या बाजूच्या भेटी ठेवायच्याच नाहीत, तेवढे तास तसेच वाचतात.

डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो प्रजापती नगरपर्यंत सुरू झाल्यापासून इतवारीला जाणं सोपं झालं. कधी मुद्दाम पुढे चितार ओळी चौकात उतरते. गणपतीच्या आधी तिथे अर्धवट मूर्ती रस्त्यालगत उभ्या असतात. कोणाला हात नाहीत, कोणाचा रंग व्हायचा आहे. मूर्तिकार काम करत असतात आणि येणारा-जाणारा उभा राहून बघत असतो. मंडळाचे लोक त्या बघण्यातूनच पुढच्या वर्षीचा मूर्तिकार हेरून ठेवतात. काम आणि कामाचं दिसणं एकाच तासात होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. मला हे जसंच्या तसं जमणार नाही, कारण दिवाळीला येणारं पाकीट श्रावणात दाखवलं तर शेजारच्या दुकानदाराची नक्कल आधी बाजारात येईल. त्यावर तोडगा म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ घातली आहे: माल बाजारात आल्यावर एक महिन्यानं पाकिटाचे फोटो आणि कच्ची रेखाटनं दाखवायचा हक्क डिझाइनरचा. आजवर या ओळीवर कोणी हरकत घेतलेली नाही, वाचतं कोण म्हणा. पण तिच्यामुळे मी पहिल्या रेघेपासून सगळं तारीख घालून एका फोल्डरमध्ये टाकत जाते आणि पितृपक्षात बसले की साहित्य तयार असतं. कोऱ्या पानासमोर बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो लागत नाही.

घराबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे सगळं एकट्या राहणाऱ्या माणसाचं नियोजन वाटेल. क्लायंटचा फोन चालू असला की घरात कोणी बोलावत नाही, कारण तो फोन ऐकू जातो. मी स्वतःच्या नमुन्यांचे फोटो काढत असले की सासूबाई आतून म्हणतात, "रिकामी हायेस तं गॅसवाला आला का पाह्य बरं जरा." त्यांचं चुकत नाही. खिडकीजवळ पापडाची पाकिटं मांडून त्यांच्याकडे टक लावून बघणारी सून कामात आहे हे कळायचं कसं? मी त्यांनाच कामाला लावलं. आरसा धरून पाकिटावर उजेड पाडायचं काम त्यांचं. "सावली पडून राह्यली, डावीकडं घे," असं आता त्याच सांगतात. बसल्यावर फोटो पूर्ण झाल्याशिवाय उठू देत नाहीत. विचारणारा माणूस नव्हता, तो असा घरात सापडला.

वसुलीचे तास मात्र मला अजून आवाक्यात आणता आलेले नाहीत. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असं २००६ चा कायदा म्हणतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर उशीर करणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये काही सीए स्वतःहून माझा उद्यम नंबर मागतात आणि पैसे येतात. इतर अकरा महिने फोनच करावे लागतात, आणि त्या फोनांनंतर तासभर कोणतंही चांगलं काम हातून होत नाही. तो तासही मी आता दरात धरते.

आता ते पाचशेचं. नवा दर कळवल्यावर दोन गिऱ्हाइकं गेली. दोघंही सर्वात जास्त बदल सांगणारी होती, त्यामुळे त्यांच्याबरोबर बरेच तासही मोकळे झाले. काहींनी कुरकुर करून मान्य केलं. पापडवाल्या भाऊंना मी कागद नुसता न पाठवता तो घेऊन समोर जाऊन सांगितलं, कारण हिशेब त्यांचाच होता. गादीवर बसण्याचे तास, या-बसाचे तास, सगळं मोजून दाखवलं.

भाऊंनी कागद दोनदा वाचला. "म्हंजे माझंच शिकवणं माझ्यावर चालवून राहिल्या तुमी?"

"तुम्हीच म्हणालात, भाऊ. ज्यानं घेतलं त्याच्या भावात..."

"ते पावशेरवाल्या बाईले लावतो मी, ताई. पोतंभर नेणाऱ्याले नाही लावत. मी पावशेर घेतो का तुमच्याकडून? साल भरात आठ पाकिटं करतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे परत परत येणाऱ्या माणसाला पटवायला मला वेळ खर्चावा लागत नाही, मग तो वेळ त्याच्या बिलात का? बराच वेळ घासाघीस झाली, मधे चहा झाला. शेवटी ठरलं की नवीन पाकीट नव्या दरानं, आणि त्याच पाकिटाचं वजन किंवा चव बदलून केलेली आवृत्ती जुन्या दरानं. कागदावर दोघांनी सह्या केल्या. मी उठले तेव्हा भाऊ म्हणाले, ही एवढी घासाघीस केली तिचा पाऊण घंटा कोणाच्या बिलात टाकणार ते सांगून जा.